घडी फाटते, कार्ड वाकतं, झाकण बसत नाही: घरी कार्डं आणि डब्या करताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी

घडी घातली, नखाने दाबली आणि कार्ड उलटून पाहिलं, तर घडीच्या कण्यावर पांढरी खडबडीत रेघ. मरून कार्डशीटवर ती चुन्याने ओढल्यासारखी दिसते. माझ्याकडे अशी कार्डं कित्येक वर्षं साठत होती. राखीबरोबर पाठवायची, हळदीकुंकवाच्या वाणाला लावायची, भाचीच्या डोहाळजेवणाची. दर खेपेला वीसातली पाच-सहा तरी फाटायची. कागद महाग घेतला तरी फाटायची, घडी हळू घातली तरी फाटायची. त्यातही गंमत अशी की लहान कार्डं चांगली व्हायची आणि मोठीच फाटायची. मी ते नशिबावर सोडून दिलं होतं.

आमच्या रत्नागिरीत एक बाइंडर काका आहेत. कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, ग्रामपंचायतीची रजिस्टरं, देवळाच्या जमाखर्चाच्या वह्या बांधतात. एकदा मी फाटलेली कार्डं घेऊन त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं, ते घडी बघतील, कोणतं अवजार वापरलं ते विचारतील. त्यांनी घडीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडचा एक कोरा कागद उचलला, दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवला, सोडला. मग तोच कागद काटकोनात फिरवून पुन्हा वाकवला. एका बाजूने तो मऊपणे वाकत होता, दुसऱ्या बाजूने अडून बसत होता.

"ताई, कागद आडवा घेतलात तुम्ही," ते म्हणाले. "कापड बेतताना उभा धागा बघता ना? मग कागदाचा का बघत नाही?"

त्या एका वाक्यानंतर माझ्या निम्म्याहून जास्त अडचणी सुटल्या. खाली मी जे लिहिते आहे ते बहुतेक तिथूनच निघालेलं आहे.

कागदालाही उभा धागा असतो

गिरणीत कागद होतो तेव्हा पाण्यात भिजलेला लगदा एका धावत्या जाळीवर सोडतात. ओढ्याच्या पाण्यात पडलेल्या काटक्या जशा प्रवाहाच्या दिशेला वळतात, तसे लगद्यातले तंतू जाळी धावते त्या दिशेला लागतात. पाणी निथळतं, कागद वाळतो आणि तंतू त्याच दिशेला कायमचे राहतात. प्रेसवाले आणि बाइंडर त्याला ग्रेन म्हणतात. मी शिवणकाम शिकलेली, म्हणून उभा धागाच म्हणते.

घडी या धाग्याच्या दिशेने घातली तर ती दोन तंतूंच्या मधून जाते. आडवी घातली तर शेकडो तंतू एका रेघेवर मोडावे लागतात. काही मोडतात, काही उपटून वर येतात आणि रंगाचा थर तडकतो. पांढरी रेघ ती हीच. जे तंतू मोडत नाहीत ते कार्डाला पुन्हा उघडायला बघतात. म्हणूनच आडव्या घडीचं कार्ड मिटून ठेवलं तरी त्याचं तोंड अर्धवट उघडं राहतं.

धागा ओळखायच्या तीन रीती आहेत. पहिली काकांची, वाकवून बघायची: ज्या बाजूने सहज वाकेल, घडीची रेघ त्याच बाजूने घ्यायची. दुसरी, नको असलेला तुकडा फाडून बघायची. धाग्याच्या दिशेने कागद सरळ फाटत जातो, आडवा फाडला की वाट सोडून कुठेही वळतो. जाड कार्डशीटला फाडण्याने नीट कळत नाही, तिथे वाकवणंच बरं.

तिसरी रीत मला सगळ्यात आवडते, कारण तिथे डोळ्यांना दिसतं. कागदाच्या कोपऱ्यातून पाच सेंटीमीटरचा चौकोन कापा. कापायच्या आधी तावाची लांब बाजू कोणती ते त्यावर पेन्सिलीने बाण काढून ठेवा. आता ओल्या बोटाने चौकोनाची फक्त एक बाजू ओली करा आणि टेबलावर ठेवून द्या. साधा झेरॉक्सचा कागद असेल तर काही क्षणांतच तो हलायला लागतो, कडा वर येतात आणि त्याची नळी होते. कार्डशीटला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तिची पूर्ण नळी होत नाही, नुसती कमान होते. नळी ज्या दिशेला लांब असेल, तो उभा धागा. तंतू पाणी प्यायला की रुंदीला फुगतो, लांबीला जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे कागद एकाच दिशेने पसरतो आणि गुंडाळला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कार्डं वाकतात तिथे तीच पुन्हा येणार आहे.

आता मोठी कार्डं फाटायची आणि लहान का नाही, ते सांगते. ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक वेळा त्याचा धागा लांब बाजूने, म्हणजे २९७ च्या दिशेने असतो. तो सरळ मधोमध दुमडून ए-फाइव्ह कार्ड केलं, तर घडीची रेघ २१० च्या बाजूला समांतर येते. म्हणजे धाग्याला आडवी. फाटणारच. तोच ए-फोर आधी मधोमध कापला की १४८ × २१० चे दोन तुकडे मिळतात आणि आता धागा १४८ च्या बाजूने झालेला असतो. तो तुकडा दुमडून १०५ × १४८ चं लहान कार्ड केलं, तर घडी नेमकी धाग्याच्या दिशेने जाते. तोच कागद, तोच हात, आणि एक कार्ड फाटतं, एक सुरेख होतं.

मोठं कार्ड हवंच असेल, तर ए-थ्री घ्या आणि तो मधोमध कापा. मिळणाऱ्या ए-फोरचा धागा २१० च्या बाजूने असेल, तो दुमडला की घडी सरळ. किंवा ए-फोर उभाच दुमडून लांबट, अरुंद कार्ड करा. लग्नातल्या शुभेच्छांना आणि आहेराच्या पाकिटाबरोबर द्यायला ते फार शोभून दिसतं.

सगळेच ए-फोर उभ्या धाग्याचे असतात असं मात्र समजू नका. स्टेशनरीच्या दुकानात मोठे ताव कापून पाकिटं भरतात, तेव्हा जास्त तुकडे निघावेत म्हणून कधी उभे कापतात, कधी आडवे. एकाच दुकानातून महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन पाकिटांत मला वेगवेगळा धागा मिळालेला आहे. म्हणून ताव घरी आणला की मी आधी पाठीमागे फिक्या पेन्सिलीने बाण काढते, मगच बाकीचं.

धागा बरोबर आहे, तरी घडी तडकते

मग बघा, कागदाचा रंग आरपार आहे की वरवरचा. दुकानातच कोपरा किंचित फाडून पाहा. आतला गाभा पांढरा असेल तर तो वरून छापलेला किंवा लेप दिलेला कागद आहे. चकचकीत, लेपाचे कागद जाड असले की कसेही दुमडले तरी थोडे तडकतात. त्यावर चरा पाडणं हा एकच उपाय.

चरा म्हणजे कागद न कापता पाडलेली खोलगट रेघ. त्याला महागडं अवजार लागत नाही. संपलेलं बॉलपेन, बोथट क्रोशाची सुई, काहीही चालतं, फक्त टोक गोल हवं. खाली काय घेता ते फार महत्त्वाचं आहे. फरशीवर किंवा काचेवर चरा पडतच नाही. उशीवर, सतरंजीवर कागद फाटतो. दोन-तीन वर्तमानपत्रं एकावर एक ठेवली की बेताचा मऊपणा मिळतो. स्टीलची पट्टी घट्ट धरून टोक दोनदा फिरवा. पहिल्यांदा हलकं, दुसऱ्यांदा जोरात. एकदम जोर दिलात तर वरचे तंतू तुटतात आणि मग ती घडी नसते, चीर असते.

आता दुमडायचं कुणीकडे, यात पुष्कळ लोक चुकतात. चरा पाडला की कागदाच्या दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. तो उंचवटा घडीच्या आत राहिला पाहिजे. म्हणजे ज्या बाजूने तुम्ही चरा पाडलात ती बाजू कार्डाच्या बाहेर येईल. आपल्याला सहज वाटतं की खोलगट बाजूला दुमडावं, म्हणून बहुतेक जण उलटं करतात. उंचवटा आत असला की तो उशीसारखं काम करतो आणि बाहेरच्या तंतूंवर ताण कमी येतो. एक तुकडा घेऊन दोन्ही रीतींनी दुमडून पाहा, फरक बोटांना कळेल.

आणखी एक. माझी नणंद नागपूरला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेले होते तेव्हा हीच कार्डशीट, हाच चरा, आणि घडी कडाकडा तडकत होती. तिथल्या कोरड्या हवेत कागदातला ओलावा निघून जातो आणि तंतू ठिसूळ होतात. आम्ही ताव तास-दीड तास न्हाणीघरात, अंघोळीनंतरच्या दमट हवेत, भिंतीला टेकून ठेवले. त्यानंतर त्यांनी त्रास दिला नाही. विदर्भ, मराठवाड्यात उन्हाळ्यात कार्डं करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं. आम्हा कोकणातल्यांची अडचण अगदी उलट असते.

कार्ड वाकतं, पुठ्ठा बशीसारखा होतो

श्रावणात माझ्याकडे हे दर वर्षी व्हायचं. रात्री सुंदर सपाट कार्डं करून ठेवावीत आणि सकाळी उठून बघावं तर प्रत्येकाची बशी झालेली. मी दोष डिंकाला दिला, मग फेव्हिकॉलला, मग पावसाला. पावसाचा वाटा आहे, पण तो शेवटचा.

पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवता तेव्हा काय होतं ते बघा. खळ लावली की कागद पाणी पितो आणि धाग्याच्या आडव्या दिशेने पसरतो. पसरलेल्या अवस्थेत तो पुठ्ठ्यावर चिकटतो. वाळताना तो मूळ मापाला यायला बघतो, पण आता पुठ्ठ्याने त्याला धरून ठेवलेलं असतं. म्हणून तो पुठ्ठ्यालाच आपल्याकडे ओढतो. बशी नेहमी कागद लावलेल्या बाजूला खोलगट होते, हे नीट पाहिलंत तर तुम्हालाही दिसेल.

यावरचा खरा उपाय जुना आहे आणि प्रत्येक बाइंडर तो रोज करतो: दुसऱ्या बाजूलाही कागद लावायचा. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ बसली की पुठ्ठा मधे सरळ राहतो. वहीच्या पुठ्ठ्याला आतून पांढरा कागद असतो तो केवळ शोभेचा नसतो. आतला कागद साधारण बाहेरच्याच जाडीचा घ्या. आणि पुन्हा धागा: पुठ्ठा, बाहेरचा कागद, आतला कागद, तिघांचा धागा एकाच दिशेला हवा. एक जरी आडवा लावलात तर तो तिरकी ओढ देतो आणि पुठ्ठा एका कोपऱ्यातून पिळल्यासारखा वर येतो. ते वाकणं मात्र नंतर कशानेही सुधारत नाही, मी वजनाखाली आठवडाभर ठेवून पाहिलेलं आहे.

चिकटवताना ज्या गोष्टी मी आता सांभाळते त्या सांगते. फेव्हिकॉल पातळ करायचा मोह आवरते, कारण जितकं पाणी तितकी ओढ. पसरायला त्रास होत असेल तर ब्रश ओला करून झटकून घेते, तेवढं पुरतं. लावायला सुरुवात मधून करून कडांकडे जाते. कागदाला गोंद लावल्यावर लगेच चिकटवत नाही, मिनिटभर थांबते, म्हणजे कागदाला जेवढं पसरायचं तेवढं तो आधीच पसरतो. लगेच चिकटवला तर तो पुठ्ठ्यावर गेल्यानंतर पसरतो आणि तेच ते फुगे आणि चुण्या येतात, ज्या आपण बोटांनी दाबून दाबून कागद फाटेपर्यंत घोटत बसतो. घोटायला स्टीलच्या चमच्याची पाठ छान, पण कागदावर एक कोरा कागद ठेवून घोटा, नाहीतर चमक उठते.

मग वजन. दोन्ही बाजूंना बटर पेपर, त्यावर कोरे कागद, त्यावर सपाट लाकडी फळी आणि फळीवर वजन. माझ्याकडे सासूबाईंचा पाटा आहे, वाटण आता मिक्सरवर होतं, पाटा कार्डांवर असतो. उन्हाळ्यात एक रात्र पुरते. जुलैत मी दोन दिवस काढत नाही, आणि मधे एकदा आतले कोरे कागद बदलते, कारण ते ओले झालेले असतात आणि तो ओलावा जाणार तरी कुठे.

पंख्याखाली वाळत घालू नका. मला पहिली काही वर्षं वाटायचं की लवकर वाळलं की वाकणार नाही. होतं उलट. वारा लागतो ती बाजू आधी वाळते, आधी आकसते, आणि बशी तिथेच सुरू होते. उन्हातही तसंच, शिवाय घोटीव कागदांचे रंग उन्हात उडतात.

वाकून वाळलेलं कार्ड सरळ करता येतं का? एकपदरी कार्ड असेल तर येतं. फुगीर बाजूवर सुती फडकं घालून कोमट इस्त्री, वाफेशिवाय, दोन-तीनदा, आणि गरम असतानाच वजनाखाली. चमकी, सेलोटेप किंवा प्लॅस्टिकचे मणी असतील तर इस्त्री मुळीच नको.

खळ वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मैद्याची खळ फेव्हिकॉलपेक्षा सावकाश वाळते, कागद सरकवून जागेवर बसवायला वेळ देते आणि डाग पाडत नाही, म्हणून नाजूक कागदाला मी खळच घेते. पण तिच्यात पाणी जास्त, म्हणून वाकण्याची भीती जास्त, आणि पावसाळ्यात ती तिसऱ्या दिवशी आंबते. बाइंडर मंडळी खळीत मोरचूद घालतात, म्हणजे बुरशी धरत नाही आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे. खाण्याच्या वस्तूंच्या डबीला ती खळ अजिबात वापरू नका, आणि घरात लहान मुलं असतील तर मोरचूद आणूच नका. रोज ताजी खळ करणं काही अवघड नाही, दोन चमचे मैद्याची पुरते.

डबीचं झाकण बसत नाही

आधी चौकोनी कागदाच्या घडीच्या डबीबद्दल, जी कात्री-गोंदाशिवाय होते. जपानमध्ये तिला मसू म्हणतात. मसू हे तिकडचं तांदूळ मोजायचं लाकडी माप, आपल्या मापट्यासारखं. शाळेतल्या मुलांपासून सगळे ती करतात, आणि सगळ्यांचं झाकण एक तर बसत नाही किंवा सैल पडतं. "खालचा कागद थोडा लहान घ्या" एवढंच सांगितलं जातं. थोडा म्हणजे किती?

हिशोब सोपा आहे. कागदाच्या बाजूला २.८३ ने भागलं की डबीची बाजू येते आणि उंची त्याच्या निम्मी. १५ सेंटीमीटरच्या कागदाची डबी ५.३ सेंटीमीटरची होते आणि उंची साधारण २.६. ए-फोरमधून काढलेल्या २१ सेंटीमीटरच्या चौकोनाची ७.४ ची. आता झाकण तळापेक्षा २ मिलिमीटर मोठं हवं असेल, तर कागद २ मिलिमीटर मोठा घेऊन भागत नाही. २ गुणिले २.८३, म्हणजे साडेपाच ते सहा मिलिमीटरचा फरक ठेवावा लागतो. दोन मिलिमीटर कमी केलेल्या कागदाची डबी जेमतेम पाऊण मिलिमीटरने लहान होते, आणि तेवढी जागा कागदाचे पदरच खाऊन टाकतात, कारण या डबीच्या भिंतीत कोपऱ्यापाशी कागदाचे तीन-चार पदर येतात. हातकागद असेल तर तो जाड, म्हणून मी ९ ते १० मिलिमीटर सोडते. झेरॉक्सच्या कागदावर एक कच्ची डबी करून बघायला पाच मिनिटं लागतात, पण तो कागद पातळ असतो, त्यामुळे झाकण किती सैल बसेल हे खऱ्या कागदावरच कळतं.

पुठ्ठ्याची डबी असेल तर चूक बहुधा मापाच्या क्रमात असते. आपण तळ आणि झाकण दोन्ही एकदमच कापून मोकळे होतो. मग तळावर कागद चढतो, कडांवरून आत वळतो, गोंदाचा थर येतो, आणि १०० मिलिमीटरचा तळ १०१ किंवा १०२ चा होऊन बसतो. झाकणाच्या आतही कागद आलेला असतो. म्हणून आधी तळ पूर्ण करा, कागद लावा, वाळू द्या. मग त्याचं बाहेरून माप घ्या. मोजपट्टीपेक्षा कागदाची पट्टी तळाभोवती लावून खूण केलेली जास्त नेमकी येते. झाकणाची आतली बाजू, कागद लावून झाल्यावर, या मापापेक्षा दीड मिलिमीटरने मोठी हवी. दुकानात कप्पा बोर्ड म्हणून मिळतो तो करडा पुठ्ठा यासाठी चांगला. नुसत्या ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या) कार्डशीटच्या डबीला लांबी-रुंदी दोन्हींत २ मिलिमीटर वाढवलं की पुरतं.

पावसात बसलेलं झाकण हिवाळ्यात सैल वाटतं आणि हिवाळ्यात अगदी घट्ट बसवलेलं पावसात अडकतं. कोकणात करत असाल तर थोडं सैलच ठेवा.

डबी पिळल्यासारखी तिरपी होत असेल तर कोपरा तपासा. तावाचा कोपरा काटकोनी असेलच अशी खात्री धरू नका, गुण्या लावून बघा. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले तर चौकोन बरोबर आहे. डबीला दोन्ही दिशांनी घड्या असतात, तिथे सगळ्या धाग्याच्या दिशेने घेणं शक्यच नाही. लांब बाजूच्या घड्या धाग्याने घ्या, आखूड बाजूच्या आडव्या पडणाऱ्या घड्यांना चरा तीनदा फिरवा.

हातकागदाचं निराळं

हातकागद मी सगळ्यांत जास्त वापरते आणि त्याच्याबद्दल मला आपुलकी आहे. आपल्याकडे ही कारागिरी जुनी आहे. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता, दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा गाव लागतं, त्याचं नावच या धंद्यावरून पडलेलं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० साली सुरू झाली. राजस्थानातलं सांगानेर आज या कागदासाठी सगळीकडे माहीत आहे. सुती चिंध्यांचा लगदा, पाण्याच्या हौदातून चौकट उचलायची आणि ती मागेपुढे, डावीउजवीकडे हलवायची. त्या हलवण्याने तंतू चहूकडे एकमेकांत गुंततात. म्हणून हातकागदाला उभा धागा फारसा नसतो आणि तो कसाही दुमडला तरी सहसा तडकत नाही.

त्याचे त्रास दुसरे. तो शाई पितो. जेल पेनने लिहिलेलं अक्षर कडांनी फुटतं, म्हणून लिहिण्याआधी तुकड्यावर बघा. बॉलपेन आणि पेन्सिल बहुधा चालतात. मी पुष्कळदा मजकूर वेगळ्या गुळगुळीत कागदावर लिहून आत चिकटवते. तो गोंदही पितो, पातळ फेव्हिकॉल दुसऱ्या बाजूला डाग होऊन येतो. इथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा घट्ट खळ. पाकळ्या, गवताच्या काड्या घातलेला कागद असेल तर घडीच्या रेघेवर काडी येत नाही ना ते उजेडासमोर धरून बघा. आलीच तर ती घडीत टोचून बाहेर निघते.

त्याच्या केसाळ कडा कात्रीने कापू नका. सरळ कड हवी असेल तर ओल्या ब्रशने पट्टीच्या कडेने एक रेघ ओढा, दोन मिनिटं थांबा आणि हळूच दोन्ही बाजूंना ओढून फाडा. कड मूळ कागदासारखीच केसाळ येते.

खाण्याच्या वस्तू ठेवायच्या डब्या

तिळगूळ, लाडू, मोदक ठेवले की दुसऱ्या दिवशी डबीला तेलाचा डाग. आत बटर पेपरची वाटी करून ठेवा, नुसता तुकडा तळाला पुरत नाही, कडांवर चढला पाहिजे. आतल्या बाजूला चमकी, पोस्टर रंग, काही नको. आणि अस्तराला वर्तमानपत्र कधीही घेऊ नका. छपाईची शाई खाण्याला लागते, आणि २०१८ च्या अन्न पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे.

गणपतीत मोदकांच्या डब्या करणाऱ्यांनी एक करावं. डब्या आधीपासून करायच्या तर कापून, चरे पाडून, सपाटच ठेवाव्यात, जोडू नयेत. पत्र्याच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात तशा सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून. जोडलेली डबी भाद्रपदातल्या हवेत आठ दिवस उघड्यावर राहिली की तिच्या भिंती फुगतात. सपाट ठेवलेल्या पन्नास डब्या हरतालिकेच्या रात्री दोघी बसून तासाभरात जोडून होतात.